महिने बाराच, पण पहिला कोणता?

बडोद्यातील आमच्या मंडळाची सभासद-नोंद तीन वह्यांत आहे. पहिल्या वहीतील अक्षर मोडी वळणाचे, दुसरीतील शाळामास्तरी थाटाचे, आणि तिसरीतील बॉलपेनने घाईघाईत उतरवलेले. या तिन्ही वह्या संगणकात घ्याव्यात असा ठराव झाला, तेव्हा काम सोपे वाटले होते. चार भगिनींनी उन्हाळ्याच्या दुपारी बसून सारी नावे, पत्ते, तिथ्या टंकित केल्या. मग कौतुकाने आम्ही संगणकास पहिला प्रश्न विचारला की, आपले सभासद कोणत्या गावी किती आहेत? त्याने क्षणात उत्तर दिले : सभासद पाच गावांत राहतात. बडोदे, बडोदा, बरोडा, वडोदरा, आणि पाचवे पुन्हा वडोदराच! या पाचव्या गावाचा उलगडा व्हायला अर्धा तास लागला. नावाच्या शेवटी कोणाच्या तरी हातून एक मोकळी जागा टंकली गेली होती. डोळ्यांना ती दिसत नव्हती. यंत्राला मात्र दिसत होती.

आम्ही हसलो खरे, पण यात यंत्राचा दोष काय? सरकारदरबारी १९७४ साली गावाचे नाव वडोदरा झाले. आमच्या घरांत ते बडोदेच राहिले. महाराजांनी १९०८ साली ज्या बँकेची स्थापना केली, तिच्या पाटीवर आजही बडोदाच आहे. ही सारी नावे एकाच गावाची, हे आपणांस सवयीने कळते. सवय नावाची वस्तू यंत्रापाशी नसते.

दांडिया बाजारातील एका जुन्या सभासदांची नात संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याचा व्यवसाय करते. रविवारी ती मदतीस येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिने आमच्या चिटणीसांना सांगितले, "काका, रकाना मोकळा ठेवलात तर लोक मोकळेपणाने लिहिणारच. मला यादी बांधून द्या. गावे कोणती, महिने कोणते, रक्तगट कोणते, ते एकदाच ठरवा. मग लिहायचे नाहीच, फक्त निवडायचे."

चिटणीस जरा दुखावले. "अगं, पन्नास वर्षे आम्ही लिहीतच आलो की!"

"म्हणूनच तर पाच गावे झाली, काका."

ती ज्याला यादी बांधणे म्हणत होती, त्याला तिच्या व्यवसायात 'एनम' असे आखूड नाव आहे. आम्ही आपल्या सोयीसाठी त्यास 'परिगणित प्रकार' म्हणतो. ज्या गोष्टीची मूल्ये मोजकी आणि आधीपासून ठाऊक असतात, ती सर्व एकदाच गणून, प्रत्येकास नाव देऊन, आज्ञावलीच्या आरंभी जाहीर करावयाची. पुढे त्या यादीबाहेरचे काही कोणी भरू पाहील, तर यंत्राने ते दारातच अडवावे. आठवड्याचे वार सात. ऋतू सहा. पत्त्यांचे रंग चार : इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. आठवा वार किंवा पाचवा रंग कोणी आणून दिला, तर तो मागाहून शोधत बसण्यापेक्षा उंबऱ्यावरच ओळखलेला बरा. अर्थात प्रत्येक गोष्ट अशी बांधता येत नाही. सभासदाचे वय, घराचा पत्ता, वर्गणीची रक्कम यांची यादी करणे वेडेपणाचे. आडनावांची यादी करण्याचा बेत कोषाध्यक्षांनी मांडला होता. पण बडोद्यातील आडनावे आणि त्यांची स्पेलिंगे ज्याने पाहिली आहेत, तो त्या वाटेला जाणार नाही.

ही कल्पना आमच्या गावास परकी नाही, असे आम्हांस राहून राहून वाटले. येथे राज्यकर्ते मराठी, बहुसंख्य प्रजा गुजराती, महसुली व्यवहारात फारशीचे जुने शब्द मुरलेले, आणि वरून इंग्रजी कायद्याची परिभाषा. एकाच गोष्टीला प्रत्येक खात्याने आपापला शब्द वापरावा, अशी ही परिस्थिती. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा आठ भाषांतील राज्यव्यवहाराचा कोश प्रसिद्ध करविला, तो अशा मुलखात. इंग्रजी संज्ञेसमोर गुजराती, मराठी आणि इतर भाषांतील प्रतिशब्द एका ओळीत बसवावयाचे, म्हणजे कागद कोणत्याही खात्यातून आला तरी अर्थ एकच निघावा. यंत्रासाठी नव्हे, माणसांसाठी. पण काम यादी बांधण्याचेच होते.

संगणकाच्या जगात या प्रकाराला स्वतंत्र मान मिळवून देण्याचे मोठे श्रेय स्वित्झर्लंडच्या निकलाउस विर्थ यांना जाते. झुरिकच्या तंत्रविद्यापीठात अध्यापन करीत असता त्यांनी १९७० च्या सुमारास 'पास्कल' ही भाषा सिद्ध केली. सतराव्या शतकात बेरजेचे यंत्र बनवणाऱ्या फ्रेंच गणितज्ञाचे नाव त्यांनी तिला दिले. विद्यार्थ्यांना शिस्तशीर आज्ञावली लिहिता यावी हा तिचा हेतू. तीत कंसात नुसती नावे लिहून नवा प्रकार निर्माण करता येई. देवनागरीत लिहावयाचे तर असे :

वार = (सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार)

एवढ्या एका ओळीनंतर 'वार' या जातीच्या कप्प्यात या सात नावांखेरीज काही मावत नसे. विर्थ यांचे २०२४ च्या पहिल्याच दिवशी निधन झाले. गंमत अशी की, नंतरच्या काही लोकप्रिय भाषा जन्मताना ही सोय विसरल्या आणि पुढे ती त्यांना पदरात घ्यावी लागली. 'जावा' ही भाषा १९९५ साली बाहेर पडली. तिला ही सोय २००४ साली लाभली. 'पायथन' १९९१ ची. तिच्या प्रमाण ग्रंथालयात परिगणित प्रकार आला तो २०१४ साली. मधल्या काळात लोकांनी काय केले? जे आमच्या मंडळातही घडले तेच : नावांऐवजी आकडे वापरले.

त्या आकड्यांची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे.

दिवंगत सभासदांच्या वार्षिक तिथीस त्यांच्या घरी आठ दिवस आधी स्मरणपत्र पाठवावे, हा आमच्या मंडळाचा जुना प्रघात. परगावी नोकरीस असलेल्या मुलांना, नव्या सुनांना तिथी ध्यानात राहत नाही. पत्र आले की घरातील वडीलधाऱ्यांना बरे वाटते. ही मुलगी येण्यापूर्वी एका उत्साही तरुणाने या पत्रांसाठी छोटी आज्ञावली लिहून दिली होती. जागा वाचावी म्हणून त्याने महिन्याच्या नावाऐवजी १ ते १२ असे आकडे घेतले. टंकन करणाऱ्या भगिनींनी त्याप्रमाणे आकडे भरले. सारे सुरळीत चालले आहे असे समजून आम्ही निर्धास्त होतो.

फाल्गुनात एका वृद्ध बाईंचा निरोप आला. त्यांच्या यजमानांची तिथी श्रावण वद्य पंचमीची. स्मरणपत्र आले शिमग्याच्या दिवसांत. पत्र हाती घेऊन बाई मंडळात आल्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तुमच्या वहीत त्यांचा महिनासुद्धा हरवला का हो?" चिटणीसांना काय उत्तर द्यावे ते सुचेना.

शोध घेता कारण सापडले, आणि ते गुजरातेत राहणाऱ्या मराठी घराखेरीज अन्यत्र क्वचितच सापडावे असे होते. भगिनींनी महिने मोजले ते आपल्या पद्धतीने. वर्षाचा आरंभ गुढीपाडव्यास. म्हणून चैत्र पहिला, वैशाख दुसरा, ज्येष्ठ तिसरा, आषाढ चौथा आणि श्रावण पाचवा. आज्ञावली लिहिणारा तरुण मराठी घरातलाच, पण गुजराती शाळेत शिकलेला. त्याच्या लेखी वर्ष उजाडते ते दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, बेस्तु वर्षाला. विक्रम संवताची येथील गणना कार्तिकापासून. म्हणून कारतक पहिला, मागशर दुसरा, पोष तिसरा, महा चौथा आणि पाचवा फागण. भगिनींचा पाच म्हणजे श्रावण, त्याचा पाच म्हणजे फाल्गुन. दोघांपैकी कोणीही चुकले नव्हते. बारा नावे दोघांची तीच, क्रमही तोच. फक्त चाकावर बोट ठेवून 'येथून मोजा' म्हणण्याची जागा निराळी.

आकडा मुका असतो, हा त्याचा अवगुण. 'पाच' म्हटले की पाचवा महिना, पाचवा वार, पाच रुपये, काहीही होऊ शकते आणि यंत्र निमूटपणे त्यांची बेरीजही करून देते. 'श्रावण' म्हटले की तो श्रावणच. आत यंत्र त्या नावासाठी एखादा आकडा वापरत असेलही, किंबहुना वापरतेच. पण तो त्याचा खासगी व्यवहार. आपण त्यात डोकावू नये आणि त्यावर काही रचू तर मुळीच नये. त्या मुलीने महिन्यांची यादी नावांनी बांधली, आणि जुन्या नोंदींतील प्रत्येक आकडा मूळ वहीशी ताडून पुन्हा नावात फिरवावा लागला. दोन महिन्यांचे रविवार त्यात गेले. सुदैवाने मोडी वळणाच्या वहीत महिने नावानेच होते.

येथे एका चौकस सभासदांनी शंका काढली : नाव लिहिले की सारे निभावले का? नाही. कृष्णजन्माचेच पाहा. महाराष्ट्रात आणि गुजरातेत तो श्रावण वद्य अष्टमीस. उत्तर हिंदुस्थानात तोच दिवस, तीच रात्र, पण नाव भाद्रपद कृष्ण अष्टमी. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. म्हणून वद्य पक्षात त्यांच्या महिन्याचे नाव आपल्यापेक्षा एक पाऊल पुढे असते. लखनौची सून आणलेल्या घरात हा वाद दरवर्षी रंगतो. नावे अक्षरशः तीच असूनही 'अमान्त महिना' आणि 'पूर्णिमान्त महिना' हे दोन निराळे प्रकार आहेत, आणि एकाचे मूल्य दुसऱ्याच्या कप्प्यात घातले तर महिन्याची चूक होते. परिगणित प्रकाराचा खरा उपयोग या ठिकाणी दिसतो. चांगली भाषा नुसते नाव पाहत नाही, ते कोणत्या यादीतले नाव आहे हेही पाहते. एका यादीतला श्रावण दुसऱ्या यादीच्या जागी बसवू देत नाही.

आणि अधिक महिना? २०२३ साली अधिक श्रावण आला होता, तेव्हा तेरावे नाव यादीत घालावे की काय यावर कार्यकारिणीत तासभर चर्चा झाली. त्या मुलीने एका वाक्यात ती मिटवली. अधिक हे तेरावे नाव नव्हे, ते नावाला लागणारे विशेषण आहे. यादी बाराचीच राहू द्या आणि शेजारी 'अधिक की निज' असा दोनच मूल्यांचा दुसरा रकाना ठेवा. पंचांगकर्त्यांनी शतकानुशतके हेच केले आहे.

गावाच्या नावाचा प्रश्नही तिने याच रीतीने सोडवला. रेल्वेचे उदाहरण तिने दिले ते आम्हांस फार आवडले. आमच्या स्थानकाची खूण रेल्वेच्या दप्तरात 'बी आर सी' अशी तीन अक्षरांची आहे. फलाटावरील पाटीवर वडोदरा आहे, पण खुणेत बरोड्याचा बी कायम आहे. आतली खूण एक, अचल; बाहेरची पाटी ज्याला जशी हवी तशी. आता आमच्या नोंदीत गाव एकच आहे. मराठी पत्रावर ते 'बडोदे' छापले जाते आणि सरकारी अर्जावर 'वडोदरा'.

बांधीव यादीचे इतके गुण गायिल्यावर तिने होणारी एक दुखापतही सांगितली पाहिजे. 'मातृभाषा' या रकान्यासाठी आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने चार मूल्ये ठरवली होती : मराठी, गुजराती, हिंदी, इतर. रावपुऱ्यातील एक दहा वर्षांची मुलगी आईबरोबर फॉर्म भरायला आली. आई गुजराती, वडील मराठी. घरात दोन्ही भाषा, आणि पुष्कळदा एकाच वाक्यात दोन्ही. पडद्यावरची यादी पाहून मुलीने आईकडे पाहिले, मग 'इतर' वर बोट ठेवले. पाळणा मराठीत ऐकलेली ही मुलगी आमच्याच नोंदवहीत 'इतर' झाली. वर्षअखेरीस मोजले, तेव्हा तिच्यासारखी बरीच मुले त्या कप्प्यात जाऊन बसलेली आढळली. 'नवी पिढी मराठी सोडत चालली' असे भाषण अध्यक्षांनी त्या आकड्यावर जवळजवळ केलेच होते!

दोष पिढीचा नव्हता, रकान्याचा होता. प्रत्येकाने एकच निवडावे, असा आमचाच हट्ट होता. वस्तुतः विर्थ यांच्या पास्कलमध्येच यावर तोड होती : परिगणित प्रकारावर 'संच' रचता येई. संच म्हणजे त्याच यादीतील हवी तितकी नावे एकत्र. मराठी आणि गुजराती अशा दोन्हींवर खूण करता येईल असा रकाना झाला, आणि 'इतर' मधली ती मुले दोन्ही भाषांत मोजली गेली. 'इतर' हा शब्द आम्ही तेव्हापासून जरा धास्तीनेच वापरतो. यादी करणाऱ्याला ज्यांचा विसर पडला, त्यांना बसवण्याची ती ओसरी असते.

आता रक्तगटांविषयी. या साऱ्या खटाटोपाचे मूळ कारण खरे तर तेच.

काही वर्षांपूर्वी एका सभासदांच्या सुनेला बाळंतपणात रात्री रक्ताची गरज पडली. गट बी निगेटिव्ह. आपल्याकडे हा फार थोड्यांचा असतो. मंडळाच्या रक्तदात्यांची नोंद संगणकावर होती, याचा आम्हांस अभिमान होता. 'बी निगेटिव्ह' असे विचारताच एक नाव आले, आणि ते गृहस्थ मुलाकडे पुण्यास गेलेले. दुसरे नाव नाही. आमच्या माजी कोषाध्यक्षीण बाई तेव्हा सत्तरी उलटलेल्या; त्यांनी घरून जुनी वही मागवली आणि बोटाने ओळी चाळत आणखी तीन नावे काढून दिली. ती तिघेही संगणकात होतीच. एकाच्या पुढे 'बी निगे.', दुसऱ्याच्या पुढे 'बी ऋण', तिसऱ्याच्या पुढे 'निगेटिव्ह बी' असे लिहिले होते. पाऊण तास गेला. रक्त मिळाले, माता आणि बालक सुखरूप राहिली. पण तो पाऊण तास आमच्यापैकी कोणीही विसरलेले नाही.

त्या नोंदी पुढे तपासल्या, तेव्हा नमुनेच नमुने निघाले. सर्वांत फसवा घोटाळा ओ गटाचा. काहींनी रोमन लिपीतील ओ टंकला होता, काहींनी शून्य. दिसायला दोन्ही वाटोळे. यासही इतिहास आहे. व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रक्ताचे तीन गट ओळखले, तेव्हा तिसऱ्याला त्यांनी सी म्हटले होते. १९०२ साली डेकास्टेलो आणि स्टुर्ली यांनी चौथा, एबी, दाखवून दिला. पुढे सीचे ओ झाले, आणि युरोपातील काही देशांत ते आजही शून्य असे लिहितात. १९४० साली ऱ्हीसस घटकाचा शोध प्रसिद्ध झाला आणि पॉझिटिव्ह, निगेटिव्ह ही जोड लागली. म्हणून आता आमच्याकडे दोन बांधीव याद्या आहेत, एक गटाची आणि एक ऱ्हीससची. दोन्ही निवडावयाच्या, टंकायचे काहीच नाही.

कोरा रकाना हीही एक अडचण होती. कोरे म्हणजे तपासणी झालेली नाही, की झाली आहे पण विचारायचे राहिले, की सभासदाने सांगण्यास नकार दिला? कोऱ्या जागेला हे सांगता येत नाही. स्त्री-पुरुष नोंदीसाठी जो आंतरराष्ट्रीय संकेत ठरला आहे, त्यात 'माहीत नाही' यास ० आणि 'लागू नाही' यास ९ असे दोन वेगळे आकडे मुद्दाम राखून ठेवले आहेत. अज्ञानाचेही प्रकार असतात आणि त्यांना नावे द्यावी लागतात. आम्ही 'तपासलेला नाही' हे एक मूल्य यादीत घातले. त्याचा एक अनपेक्षित लाभ झाला. ज्यांच्यापुढे ते दिसले, त्यांना आम्ही पुढच्या शिबिरास आवर्जून बोलावले.

मग एके रविवारी त्या मुलीने विचारले, "गट चारच का हो, काका?"

"चारच! शाळेत शिकलो आहोत."

"पाचवा मुंबईत सापडला आहे."

हे मात्र आमच्यापैकी फार थोड्यांस ठाऊक होते. १९५२ साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही व्यक्तींच्या रक्तात चमत्कारिक प्रकार आढळला. नेहमीच्या चाचणीत ते रक्त ओसारखे वागे : त्यात ना ए, ना बी. पण ओ गटाचे रक्त त्यांच्या रक्तद्रवात मिसळले, तर त्याच्याही गुठळ्या होत. ए आणि बी हे दोन्ही घटक ज्या पायावर उभे राहतात तो 'एच' नावाचा घटक ओ रक्तात असतो. या लोकांच्या तांबड्या पेशींत तोही नसतो. वैद्यकाच्या जगात हा 'बॉम्बे' रक्तगट म्हणून प्रसिद्ध आहे. शहराचे नाव बदलले, रक्ताचे बदलले नाही. भारतात तो सुमारे दहा हजारांत एकाचा असावा, असे मानतात. अशा माणसाला ओचे रक्त दिले तर ते जिवावर बेतू शकते. त्याला त्याच्याच गटाचे रक्त लागते.

म्हणजे ज्याला आपण पूर्ण यादी समजत होतो, ती पन्नास वर्षे एका नावाने अपुरी होती. आणि ज्यांचे नाव नव्हते ते लोक 'इतर' मध्येसुद्धा नव्हते. ते ओमध्ये मिसळून गेले होते. बांधीव यादीला शोध लागण्याची वाट पाहावी लागते, हे खरे. पण शोध लागल्यावर ती जे करते, ते मोकळा रकाना कधीही करू शकत नाही. त्या मुलीने आमच्यासमोरच यादीत पाचवे नाव घातले आणि आज्ञावली पुन्हा सिद्ध करण्यास यंत्राला सांगितले. यंत्राने नकार दिला. सात ठिकाणे दाखवून ते म्हणाले की, येथे तुम्ही ए, बी, एबी आणि ओ यांचे काय करावयाचे ते लिहिले आहे, नव्या गटाचे काय? दाता शोधण्याची जागा, शिबिराचे पत्रक, सभासदाचे ओळखपत्र, अशी ती सात ठिकाणे. प्रत्येकाचा निर्णय केल्यावाचून ते पुढे जाईना. आठवे ठिकाण आमच्या पहिल्या तरुणाने लिहिलेले होते. तेथे यंत्र गप्प राहिले, कारण तेथे त्याने 'ए नाही, बी नाही, एबी नाही, तर ओच' असे लिहून ठेवले होते. डोळ्यांत तेल घालून तिने ते शोधून काढले. "हेच माणसाला मारते," ती म्हणाली, आणि खोडले.

चिटणीसांची सूचना अशी होती की, नवे नाव ओच्या शेजारी, यादीच्या मध्ये घालावे. नात्याने ते जवळचे. नोंदी आकड्यांनी साठवलेल्या असत्या तर त्या एका उपकाराने ओनंतरचे सारे सभासद एकेक घर पुढे सरकले असते आणि 'तपासलेला नाही' असलेल्यांना नको ते गट चिकटले असते. आमच्या नोंदी आता नावाने आहेत, तेव्हा चिटणीसांच्या मनाप्रमाणे झाले.

यादी आता कोणालाही वाटेल तशी उघडता येत नाही. नवे मूल्य घालावयाचे तर कार्यकारिणीचा ठराव लागतो. चिटणीस आणि एक डॉक्टर सभासद अशा दोघांच्या सह्या लागतात. तिसऱ्या वहीच्या शेवटच्या पानांवर या ठरावांची नोंद ठेवली आहे. तेथेही माणसे बॉलपेनने घाईतच लिहितात. श्रावण वद्य पंचमीच्या त्या घरी गेल्या वर्षी पत्र वेळेवर गेले. बाईंनी पोच म्हणून पेढ्यांचा पुडा पाठवला.

रक्तदात्यांची यादी दर तीन महिन्यांनी छापून मंडळाच्या फलकावर लावतो. त्यावर गटवार संख्या असते, नावे नसतात. शेवटून दुसऱ्या ओळीत 'बॉम्बे' असे लिहिलेले असते आणि पुढे ० असते. मध्यंतरी एका सभासदांनी सुचवले की, जेथे कोणीच नाही ती ओळ गाळावी, कागद वाचेल. ओळ ठेवली आहे.